चष्मा लावून की काढून? दुर्बिणीतून डोळ्यापर्यंतची प्रकाशाची वाट

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो, वय ४६. दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीन, उजव्याला शिवाय सव्वाचा सिलिंड्रिकल. गेल्या वर्षी जवळचा नंबरही लागला, म्हणून प्रोग्रेसिव्ह चष्मा. दहावीतल्या मुलीसाठी १३० मिमी आरशाची, ६५० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगे) आणि दुप्पट करणारे बार्लो भिंग आले. चष्मा लावून बघू की काढून? मुलीने फोकस केलेला मला धूसर का दिसतो? नळीच्या तोंडाशी तिरका बसवलेला छोटा आरसा मधला प्रकाश अडवतो, मग चंद्राच्या मधोमध भोक का दिसत नाही? चित्र उलटे का? मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी आणि आम्हाला राखाडी का? आणि चंद्र बघताना केसासारखे तंतू तरंगतात, ते आरशावर आहेत की माझ्या डोळ्यात?

उत्तर:

मी नौपाड्यात डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढतो आणि हौस म्हणून दुर्बिणीचे आरसे घासतो. तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचे उत्तर एका आकड्यात आहे आणि तो आकडा दुर्बिणीच्या खोक्यावर कधीच छापलेला नसतो. खोक्यावर असते ती किती पट मोठे दिसेल याची जाहिरात. कामाचा आकडा म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. हा झोत तुमच्या बाहुलीत पूर्ण मावतो का आणि डोळ्याचा केवढा भाग वापरतो, यावर पुढचे बहुतेक सगळे ठरते.

हा झोत आधी प्रत्यक्ष बघून घ्या. सकाळी दुर्बीण गच्चीवर न्या आणि सूर्याकडे पाठ करून समोरच्या मोकळ्या आकाशावर रोखा. (सूर्याच्या दिशेला दुर्बीण चुकूनही फिरवू नका. नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा खास सौर फिल्टर असल्याशिवाय सूर्य बघायचा नाही. आयपीसला लावायचे छोटे काळे फिल्टर मिळतात, ते तापून तडकतात. तसले काही खोक्यात असेल तर आजच टाकून द्या.) २५ मिमीचे आयपीस लावा, डोळा न लावता फूटभर मागे उभे राहा. काचेच्या बाहेर हवेत तरंगणारी एक उजळ गोल चकती दिसेल. ट्रेसिंग पेपरचा तुकडा तिथे धरून मागेपुढे केलात की एका जागी तिची कड रेखीव होते. पट्टीने मोजा, ५ मिमी भरेल. ही तुमच्या १३० मिमीच्या आरशाचीच इवलीशी प्रतिमा आहे. तिच्या मधोमध काळा ठिपका आहे, त्यातून बारीक काळ्या रेषा कडेकडे गेल्या आहेत. तो तुमचा तिरका आरसा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या.

आता १० मिमीचे आयपीस लावा, चकती २ मिमीची होईल. बार्लोसह १ मिमीची. हिशेब सोपा आहे. ६५० ला आयपीसच्या आकड्याने भागा, पटी मिळतात: २६, ६५ आणि बार्लोने १३०. आरशाच्या व्यासाला या पटींनी भागा, झोताची जाडी मिळते. बघताना तुमची बाहुली नेमकी या चकतीच्या जागी यायला हवी. ती मागे-पुढे झाली की चित्राच्या कडा काळ्या पडतात. पहिल्यांदा बघणारी मुले "काहीच दिसत नाही" म्हणतात, त्यांचे बहुतेक वेळा एवढेच चुकत असते.

प्रकाश तिथपर्यंत येतो कसा, ते आता पाहू. चंद्रावरून निघालेला प्रकाश सव्वा सेकंदात गच्चीवर पोहोचतो, गुरूवरून यायला साधारण ३५ ते ५० मिनिटे लागतात, मृगातल्या तेजोमेघावरून हजाराहून जास्त वर्षे. इतक्या लांबून आल्यामुळे एका ताऱ्याचे सगळे किरण एकमेकांना समांतर असतात. ते नळीत शिरून तळाच्या मोठ्या आरशावर आदळतात, परत फिरून एकमेकांकडे झुकत वर येतात. नाभीत जुळण्याच्या थोडे आधी तिरका आरसा त्यांना ९० अंशांत वळवून नळीच्या बाजूला काढतो. फोकसच्या नळीत, आयपीसच्या किंचित आधी, हवेतच छोटे चित्र तयार होते. आयपीस म्हणजे ते चित्र जवळून बघायचे भिंग. नळीत शिरल्यापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत या सगळ्याला चार-पाच नॅनोसेकंद लागतात.

आरसाच का? भिंगातून जाताना निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, त्यामुळे साध्या भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत झालर येते. परावर्तनाचा कोन रंगावर अवलंबून नसतो. हे ओळखून न्यूटनने १६६८ साली पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण बनवली. तिचा आरसा काचेचा नव्हता, तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा होता आणि जेमतेम सव्वा इंच व्यासाचा. आजच्या आरशातही काच फक्त आधाराला असते. प्रकाश काचेत शिरतच नाही, पुढच्या बाजूला चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या थरावरून परततो. या थराची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी असते, हे पुढे साफसफाईच्या वेळी आठवा.

या आरशाच्या आकारात मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच वाया जातात. तुमचा आरसा कडेपेक्षा मध्यभागी सुमारे १.६ मिमी खोल आहे. तो चेंडूच्या पृष्ठभागासारखा गोलीय असेल तर कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडे जुळतात आणि चित्र कायम मऊ राहते. सगळे किरण एका बिंदूत आणायचे तर आकार अन्वस्ताचा हवा, म्हणजे मध्यापासून कडेकडे किंचित सपाट होत जाणारा. हे किंचित म्हणजे किती? तुमच्या मापाच्या आरशात, मध्य जुळवून ठेवला तर कडेला फरक येतो सुमारे एक मायक्रॉनचा, मिलिमीटरचा हजारावा भाग. तरी तेवढ्यात चित्र बिघडते, कारण हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आहे आणि परावर्तनात पृष्ठभागाची चूक दुप्पट होते. नळी लांब असेल, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट वगैरे, तर गोलीय आरसाही चालून जातो. तुमच्यासारख्या पाचपट आखूड नळीत नाही चालत. आखूड दुर्बीण घेताना दुकानदाराला आरसा अन्वस्ताचा आहे का, हे विचारलेच पाहिजे.

हा मायक्रॉन आम्ही घरात मोजतो कसा, असे पुष्कळजण विचारतात. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली दाखवलेली पात्याची चाचणी अजून वापरात आहे. बारीक छिद्रातून आरशावर प्रकाश सोडायचा, परतलेला प्रकाश जिथे जुळतो तिथे दाढीचे पाते हळूच आडवे सरकवायचे आणि पात्यामागून आरशाकडे बघायचे. आरशावर टेकड्या आणि खळगे असल्यासारख्या सावल्या उमटतात. तपासताना काचेला बोट टेकवून क्षणात काढले तरी त्या जागी उंचवटा दिसतो. बोटाच्या उबेने काच तेवढी फुगलेली असते आणि तो फुगवटा विरायला काही मिनिटे जातात.

आता डोळा. दहावीच्या आकृतीत सगळे किरण नेत्रभिंगाशी वळताना दाखवतात, त्यामुळे भिंगच सगळे करते असा समज होतो. प्रत्यक्षात वळवण्याचे दोन तृतीयांश काम बाहेरचे पारदर्शक पारपटल करते. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच मापात असतो), त्यातले ४३ पारपटलाचे. हवेतून थेट पारपटलात शिरताना अपवर्तनांकात मोठी उडी असते, १ वरून १.३७६. भिंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यासारखेच द्रव आहेत, तिथे उडी छोटी. मुलीला पटवायचे असेल तर सोसायटीच्या तलावात गॉगल न लावता पाण्याखाली डोळे उघडायला सांगा. सगळे विरघळल्यासारखे दिसेल, कारण पाणी लागताच पारपटलाची ताकद जवळजवळ संपते. गॉगलमध्ये हवा परत येते आणि दृष्टीही.

आणखी एक गंमत: हे पारपटलसुद्धा गोलीय नसते. बहुतेकांचे मध्यापासून कडेकडे सपाट होत जाते. आम्ही पाते लावून आरशाला जो आकार देतो, त्याच जातीचा आकार तिथे आधीच आहे.

पारपटलानंतर बाहुली. उजेडात ती दोन-तीन मिमी असते, अंधारात विशीतल्या माणसाची सातपर्यंत उघडते, वयाबरोबर हे उघडणे कमी होते. तुमची अंधारात सहा मिमी धरू. मग नेत्रभिंग, मग काचरद्रव म्हणजे डोळ्यात भरलेला जेलीसारखा पदार्थ, शेवटी पडदा म्हणजे दृष्टिपटल. इथे रचना विचित्र आहे. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी पडद्याच्या मागच्या थरात असतात, त्यांच्यापुढे मज्जातंतूंचे थर आणि रक्तवाहिन्यांचे जाळे. प्रकाश या सगळ्यातून वाट काढत पेशींपर्यंत जातो. या वाहिन्यांच्या सावल्या रोज त्याच जागी पडतात म्हणून मेंदू त्या मोजतच नाही. नजरेच्या मधोमध, जिथे सर्वांत बारीक दिसते, तिथे मात्र हे थर बाजूला सरकलेले असतात.

छोट्या आरशाने भोक का पडत नाही, याचे उत्तर आता सोपे जाईल. चंद्राच्या प्रत्येक बिंदूवरून निघालेला प्रकाश मोठ्या आरशाच्या प्रत्येक भागावर पडतो. आरशाचा कुठलाही तुकडा घ्या, तो एकटा पूर्ण चंद्राचे चित्र बनवतो. नळीच्या तोंडावर पुठ्ठा धरून अर्धी बाजू झाका. अर्धा चंद्र दिसणार नाही, पूर्णच दिसेल, निम्म्या उजेडात. तिरका आरसा झाकतो तो क्षेत्रफळाच्या आठेक टक्के, तेवढा उजेड कमी होतो. त्याच्या कडेवरून प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे प्रकाश कडेपाशी वाकून पसरतो, त्यामुळे गुरूच्या पट्ट्यांचा उठाव थोडा घटतो, आणि आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्याला टोके फुटतात. भोक बघायचेच असेल तर फोकस मुद्दाम बिघडवा. तारा फुगून वडा होईल आणि मधोमध काळे छिद्र दिसेल. ते छिद्र बरोबर मध्यात नसेल तर आरसे एका रेषेत नाहीत, मागचे स्क्रू फिरवून कोलिमेशन करून घ्या. माझ्याकडे "आरसा खराब आहे" म्हणून येणाऱ्या दुर्बिणींपैकी बऱ्याचशा एवढ्यावर बऱ्या होतात.

एका प्रसंगी मात्र हा आरसा खरोखर दिसतो. दिवसा २५ मिमीच्या आयपीसने खाडीपलीकडची इमारत बघा. झोत ५ मिमीचा, त्याच्या मधली सावली सुमारे १.४ मिमीची. उजेडात तुमची बाहुली अडीच मिमी असेल तर सावलीने तिचा बराच भाग व्यापला. मग चित्राच्या मधोमध धुरकट डाग येतो आणि डोळा हलवला की तोही हलतो. रात्री बाहुली मोठी झाली की तो नाहीसा होतो. परावर्ती दुर्बीण दिवसाच्या कामाची नाही म्हणतात, त्याचे हे एक कारण.

चष्म्याकडे येतो. आयपीसमधून प्रत्येक ताऱ्याचे किरण समांतर बाहेर पडतात, म्हणजे डोळ्याला ते खूप लांबून आल्यासारखे वाटतात. त्यामुळे जवळच्या नंबराचा इथे काही संबंध नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून बघितलेत तर उलट बिघडेल आणि त्याच्या बाजूच्या भागांत मुळातच थोडी विकृती असते. दुर्बिणीसाठी फक्त लांबच्या नंबराचा जुना साधा चष्मा असेल तर तो शोधून काढा.

मायनस साडेतीनसाठी तर चष्म्याची गरजच नाही. तेवढी दुरुस्ती फोकसचा नॉब करतो. चष्मा काढलात की २५ मिमीच्या आयपीसला सुमारे २.२ मिमी आत, आरशांच्या दिशेने न्यावे लागेल. १० मिमीच्या आयपीसला मिमीच्या एक तृतीयांशाएवढेच. चष्मा काढून बघण्यात फायदाही आहे, कारण डोळा आयपीसच्या जवळ नेता येतो. साध्या प्लॉसल जातीच्या १० मिमी आयपीसमध्ये ती चकती काचेपासून सात-आठ मिमीवरच असते, तिथे चष्मा मध्ये मावतच नाही. चष्मा ठेवूनच बघणाऱ्याला पंधरा ते वीस मिमी मोकळी जागा देणारे आयपीस लागते.

सिलिंड्रिकलची गोष्ट वेगळी. त्या डोळ्याची उभी आणि आडवी ताकद वेगवेगळी असते. नॉब दोन्ही एकदम बदलतो, त्यामुळे एक बाजू जुळली की दुसरी सुटते. पण किती सुटते हे पुन्हा झोताच्या जाडीवर आहे. तुमचा सव्वाचा सिलिंडर ५ मिमीच्या झोताला ताऱ्याचा ठिपका उत्तम फोकसलाही दहा कलांचा करतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). नुसत्या डोळ्याने चंद्र तीस कलांचा दिसतो, त्याच्या एक तृतीयांश! १ मिमीच्या झोताला तोच डोळा ठिपका दोन कलांचा ठेवतो, आणि इतक्या बारीक झोतात प्रकाशाच्या विवर्तनानेच साधारण तेवढा पसरट ठिपका येतो. म्हणजे २६ पटींना उजव्या डोळ्याला चष्मा हवा, १३० पटींना काढला तरी चालेल, आणि ६५ ला दोन्ही करून बघा. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय तुमच्या प्रश्नातच आहे. डाव्याला सिलिंडर नाही ना, मग डावा डोळा लावा. सवय व्हायला वेळ लागतो एवढेच.

तारा रेघेसारखा दिसत असेल तर दोष कोणाचा, हे मिनिटभरात कळते. डोके एका खांद्याकडे कलवा. रेघ डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. फिरली नाही तर आयपीस त्याच्या खोबणीत फिरवा. आता फिरली तर दोष आयपीसचा. दोन्हींना दाद देत नसेल तर आरसे बघा, बहुधा कोलिमेशन सुटलेले असते किंवा आरशाच्या कडेच्या पकडी जास्त आवळलेल्या असतात.

मुलीने केलेला फोकस तुम्हाला धूसर, यात दोन गोष्टी मिसळल्यात. तुम्ही चष्मा काढून बघत असाल तर उघड आहे, तुम्हाला वर सांगितलेले दोन मिमी हवेत. चष्मा लावूनही धूसर दिसत असेल तर मुलीचा डोळा जबाबदार आहे. पंधराव्या वर्षी नेत्रभिंग इतके लवचीक असते की चुकीचा फोकसही ते नकळत जुळवून घेते. तिला स्पष्ट दिसते, तुमच्या सेहेचाळिशीच्या भिंगाला ते जमत नाही. तिला एक पद्धत शिकवा. आयपीस आधी पूर्ण बाहेर काढायचे, सगळे धूसर होऊ द्यायचे, मग हळूहळू आत न्यायचे आणि पहिल्यांदा स्पष्ट होताच थांबायचे. बाहेरच्या बाजूची चूक डोळा जुळवू शकत नाही, आतल्या बाजूची जुळवतो. आम्हीही मुलांचा नंबर काढताना आधी जास्तीचा प्लस लावून धूसर करतो आणि पायरीपायरीने उतरवतो, ते याचसाठी. दुर्बिणीतून बघितल्यावर तिचे डोके जड होत असेल तर तेही याने कमी होऊ शकते.

सरावाला सप्तर्षींमधला वसिष्ठ घ्या. लग्नात वसिष्ठ-अरुंधती दाखवतात, ती जोडी नुसत्या डोळ्याने बारा कलांवर सुटी दिसते. दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, १४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). डोळ्याची मर्यादा साधारण ६० विकलांची, पण २६ पटींना ते अंतर सहा कलांचे दिसते. ते दोन तारे सुटे, गोल आणि स्वच्छ दिसले की तुमचा फोकस बरोबर आहे.

उलट्या चित्राबद्दल फार लिहीत नाही. मोठा आरसा चित्र १८० अंशांत फिरवतो, वर-खाली आणि डावे-उजवे दोन्ही. आरसे दोन, म्हणून अक्षरे आरशातल्यासारखी उलटी मात्र होत नाहीत. इमारतीवरची पाटी फक्त शीर्षासन केलेली दिसेल. मुलीला एक कोडे घाला: डोळ्याच्या पडद्यावर रोजचे चित्र उलटे पडते, हे केप्लरने १६०४ मध्येच मांडले होते. दुर्बिणीने ते आणखी एकदा उलटवले. मग दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो तेव्हा पडद्यावर तो कसा असतो? सरळ! मेंदूला सरळ-उलट्याशी देणेघेणे नसते, पडद्याचा कुठला भाग म्हणजे कुठली दिशा एवढेच तो शिकलेला असतो.

राखाडी तेजोमेघाने मात्र खरोखर निराशा होते, म्हणून हिशेब मांडतो. तुमचा आरसा सहा मिमीच्या बाहुलीच्या सुमारे ४७० पट प्रकाश गोळा करतो. पण २६ पटींना तेजोमेघाचे क्षेत्रफळ २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ पट पसरते. प्रत्येक भागाचा उजेड नुसत्या डोळ्याच्या सत्तर टक्केच झाला. त्यातून दोन आरशांनी शोषलेला आणि तिरक्या आरशाने अडवलेला प्रकाश वजा केला की उरतो निम्मा. कोणतीही दुर्बीण, कितीही मोठी असो, पसरलेल्या वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यापेक्षा उजळ करू शकत नाही. तारे बिंदूसारखे, ते पसरत नाहीत, त्यांना प्रकाशाचा पूर्ण फायदा मिळतो. तेजोमेघाला फायदा होतो तो मोठा होण्याचा, कारण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी गटागटाने संदेश पाठवतात. बारा कोटींच्या आसपास दंडपेशी आणि मेंदूकडे जाणारे तंतू दहा-बारा लाख. मोठा मंद डाग त्यांना कळतो, लहान मंद ठिपका हरवतो. आणि दंडपेशींना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी एवढ्या उजेडात जाग्याच होत नाहीत. कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे प्रकाश साठवतो, तुमचा डोळा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. फोटोतला गुलाबी रंग खोटा नाही, फक्त तो डोळ्याच्या हिशेबात बसत नाही.

दंडपेशी पूर्ण तयार व्हायला अंधारात अर्धा तास लागतो, मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की घड्याळ पुन्हा शून्यावर. नजरेच्या मधोमध या पेशी नसतातच, म्हणून मंद वस्तूकडे रोखून बघायचे नाही, शेजारी बघायचे. उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या किंचित उजवीकडे, डावा असेल तर डावीकडे. उलट केलेत तर वस्तू अंधबिंदूवर जाऊन गायब होण्याची शक्यता.

ठाण्याच्या आकाशाचा उजेडही पसरलेलाच असतो. दुर्बीण तो तेजोमेघाइतकाच मंद करते, दोन्हींमधला फरक वाढत नाही. म्हणून घरच्या गच्चीवरून चंद्र, गुरू, शनी आणि जोडतारे बघा. तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका वांगणी किंवा मुरबाडकडे गेलात तर. वांगणीला मुंबई-ठाण्याचे हौशी आकाशनिरीक्षक कितीतरी वर्षे रात्र जागवत आले आहेत, तिथे मुलीला मोठ्या आरशांतूनही बघायला मिळेल.

गच्चीवरचे दोन त्रास आमच्याकडचे खास आहेत. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर नेली की दमट हवेने आरसा क्षणात धुरकटतो. पुसायचे नाही, झाकण लावून बाहेर ठेवा, आरसा हवेइतका गरम झाला की दव जातो. दुसरा त्रास म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब. त्यातून निघणाऱ्या गरम हवेत गुरू पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. रात्री उशिरा बघा, जमल्यास टाकीच्या सावलीतल्या कोपऱ्यातून. खिडकीच्या काचेतून बघण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात आरशावर आणि आयपीसवर बुरशी धरते. दोन्ही झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या मधूनमधून तव्यावर सुकवा. चष्म्याचे फडके आरशाला लावू नका, हे चष्मेवाला म्हणून हात जोडून सांगतो. चष्म्यावर कडक थर असतो, तुमच्या आरशावरचा थर फडक्याखालच्या धुळीनेही ओरखडतो. थोडी धूळ दिसण्यात काही फरक पाडत नाही. फारच झाली तर आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवा, लागल्यास भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, आणि उभा करून सुकू द्या.

आता ते तंतू. ते आरशावर नाहीत. आरशावरची धूळ फोकसमध्ये येऊच शकत नाही. आयपीसच्या काचेवरचा कचरा दिसू शकतो, पण तो आयपीस फिरवले की फिरतो. तुमचे तंतू नजरेबरोबर घरंगळतात, म्हणजे ते काचरद्रवात आहेत. एरवी बाहुलीतून जाड झोत येतो, त्यात त्यांच्या सावल्या पुसट राहतात. १३० पटींच्या १ मिमी झोतात त्याच सावल्या रेखीव होतात, चंद्राच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणखीच. १० मिमीचे आयपीस बार्लोशिवाय लावलेत तर बरेच कमी दिसतील. मायनस नंबरवाल्यांना ते लवकर आणि जास्त दिसतात.

मात्र असे तंतू किंवा काळे ठिपके दुर्बिणीशिवायही एकाएकी वाढले, डोळ्याच्या कोपऱ्यात विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची ती लक्षणे असू शकतात. तसे काही नसले तरी मायनस साडेतीन आणि वय ४६ म्हणजे बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी एकदा करून घ्यायलाच हवी. तपासणीला सोबत कोणालातरी न्या, थेंबांचा असर काही तास राहतो आणि तोवर गाडी चालवता येत नाही.